धार राखणारे म्यान

घोडदळाच्या तलवारीची चर्चा निघाली की बहुतेक जण पात्याच्या बाकाबद्दल आणि पोलादाबद्दल बोलतात. सरळ पाते बरे की वाकडे, कापणारे की भोसकणारे, यावर युरोपातल्या सैन्यांनी शंभर वर्षे वाद घातला. माझ्या मते त्या वादात म्यान विसरले गेले, आणि तलवार चालते की नाही हे पुष्कळदा म्यानच ठरवते. ब्रिटिशांच्या हलक्या घोडदळाची १७९६ची तलवार पाहा. ल मार्चंट या अधिकाऱ्याने हेन्री ऑस्बॉर्न या बर्मिंगहॅमच्या कारागिराच्या मदतीने ती आखली. पाते सुमारे ८३ सेंटिमीटर, एकधारी आणि चांगलेच वाकलेले. टोकाकडे ते निमुळते होत नाही, उलट रुंदावत जाते, त्यामुळे वजन नेमके वार बसतो त्या जागी येते. प्रशियाने १८११ साली जवळपास हाच घाट उचलला. पुढे ब्रिटिशांनी नवे नमुने काढले आणि ही पाती मोडीत काढली.

ती गेली कुठे, याचे एक उत्तर कॅप्टन लुई नोलानच्या १८५३च्या घोडदळावरील पुस्तकात सापडते. नोलान १५व्या हुसार रेजिमेंटबरोबर हिंदुस्थानात होता. निजामाच्या स्वारांच्या एका चकमकीनंतर जखमांचा वैद्यकीय अहवाल त्याच्या पाहण्यात आला: एकेका घावात हात-पाय तुटलेले. त्याला वाटले, हत्यार काही असामान्य असणार. चौकशी केली तर निघाली ब्रिटिशांनीच टाकून दिलेली पाती, देशी मुठी बसवलेली. स्वारांना वार करण्याची खास विद्या कोणी शिकवलेली नव्हती. त्यांची पाती वस्तऱ्यासारखी परजलेली होती, लाकडी म्यानात राहत होती, आणि लढाईखेरीज बाहेर निघत नव्हती. आपल्याकडे मराठ्यांनी फिरंगी पाती घेऊन त्यांवर आपल्या मुठी चढवल्या होत्याच. तीच जुनी रीत इथे एका नव्या पात्याला लागली.

ब्रिटिश स्वाराचे म्यान लोखंडी होते. कवायतीला रोज तलवार उपसायची, परत घालायची, पुन्हा उपसायची. प्रत्येक खेपेला धार म्यानाच्या तोंडाशी घासते, आणि घोडा दुडक्या चालीने निघाला की पाते आतल्या आत लोखंडावर आपटत राहते. शिकलगाराने सकाळी सहाणेवर दिलेली धार अशा वागणुकीत किती टिकणार? लाकूड मऊ, ते धारेला जागा देते. बोथट तलवारीने जाड लोकरी कोटावर वार केला की नुसता मुका मार बसतो. मग दोष पात्याला लागतो आणि नवा नमुना मागवला जातो.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. निजामाचे हे स्वार शिलेदारी पद्धतीचे होते; घोडा आणि हत्यार ज्याचे त्याचे. स्वतःची वस्तू माणूस जपतोच, तेव्हा श्रेय म्यानाला का द्यायचे? मालकीचा परिणाम मी नाकारत नाही. पण जपणाऱ्या माणसालाही कोणी दिवसातून वीस वेळा लोखंडातून पाते ओढायला लावले, तर त्याची आस्था धारेला वाचवू शकत नाही. दुसरा आक्षेप मुठीचा. देशी मूठ आखूड, वर वाटी. मनगट जखडले जाते, म्हणून हात आपोआप ओढता वार करतो आणि तो अधिक खोल जातो. हेही खरे, पण ओढता वार धारेवरच जगतो. बोथट पाते कितीही ओढा, ते घसरते.

ब्रिटिश सैन्याने शेवटी काढलेला तोडगा पाहण्यासारखा आहे. १९०८च्या नमुन्यात त्यांनी धारेचा नादच सोडला. सरळ, अरुंद, ताठ पाते, हात पूर्ण झाकणारी मोठी वाटीदार मूठ, आणि काम एकच: घोड्याच्या वेगावर टोक घुसवणे. टोकाला रोजची निगा फारशी लागत नाही. भोसकण्याचे समर्थक याला कापण्यावरचा विजय मानत. मला त्यात एक कबुली दिसते: मोठ्या खड्या सैन्यात हजारो धारा राखणे जमत नाही, तर धारेची गरजच उरू नये. हिंदी रिसाल्यांसाठी याच तलवारीची मूठ लहान करून दिली गेली. ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पॅलेस्टाइनमधल्या हूज इथे ब्रिटिश स्वार या सरळ तलवारी पुढे रोखून तोफांवर चालून गेले, आणि तोफा त्यांनी घेतल्याही. टोकाने आपले काम केले. पण १७९६चे ते पाते निकामी ठरवले गेले, त्याचे उत्तर टोकाकडे नाही. ते पाते वाईट नव्हते. निजामाच्या स्वारांच्या हाती, लाकडी म्यानात, ते तसेच्या तसे कापत होते.