वृद्धाश्रमातला चार पायांचा पाहुणा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुलं पुण्या-मुंबईला आणि मागे म्हातारी माणसं, हे सातारा-सांगलीकडचं नेहमीचं चित्र. त्यांतली काही वृद्धाश्रमात येतात. तिथे जेवण, औषधं वेळेवर मिळतात. मायेचा स्पर्श दुर्मीळ होतो. खास तयार केलेल्या कुत्र्याची भेट ही उणीव थोडी भरून काढते. मुंबई-पुण्यात अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशनने कुत्र्यांच्या मदतीने उपचारांचं काम केलं आहे. आपल्याकडे मात्र विषय निघाला की शंका आडव्या येतात.

गैरसमज: जुन्या माणसांना कुत्र्याचा विटाळ वाटतो.
वस्तुस्थिती: औदुंबरला आपण ज्या दत्ताला हात जोडतो, त्याच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात. पालच्या खंडोबाच्या सोबतीलाही कुत्रा आहेच. मळ्यात, वस्तीवर आयुष्य काढलेल्यांना कुत्रं घरचंच. तरीही कुणाला भीती वाटते, कुणाला नको असतं. त्यांचा नकार शेवटचा मानायचा.

गैरसमज: त्यासाठी विदेशी जातीचाच कुत्रा लागतो.
वस्तुस्थिती: जात नव्हे, स्वभाव पाहतात. ताट खणकन पडलं, काठी आपटली, कुणी कान घट्ट धरला, तरी जो बिथरत नाही तो योग्य. असा गावठी कुत्राही असू शकतो. जत-आटपाडीकडची कारवानी कुत्री इमानी खरी, पण परक्याचा हात त्यांना सहसा रुचत नाही. म्हणून प्रत्येक कुत्र्याची वेगळी पारख करावी लागते.

गैरसमज: कुत्र्यामुळे स्मृतिभ्रंश बरा होतो.
वस्तुस्थिती: नाही. कॉक्रेन संस्थेने 2019 मध्ये 9 चाचण्यांतल्या 305 रुग्णांची माहिती तपासली. उदासी किंचित कमी झालेली दिसली, तीही ठाम म्हणता येईल इतकी नाही. औषधं चालूच ठेवायची. एकटेपणावर मात्र उपयोग दिसतो. अमेरिकेतल्या 2005 च्या एका अभ्यासात, घोळक्यात भेटण्यापेक्षा एकट्याने कुत्र्यासोबत वेळ घालवणाऱ्यांचं एकटेपण जास्त कमी झालं. म्हणून भेट निवांत हवी. पट्टा धरणारा आधी विचारतो, ‘जवळ आणू का?’ कुत्रा मांडीवर हनुवटी टेकवतो, आखडलेली बोटं केसांतून फिरू लागतात. ‘आमच्या मळ्यात मोत्या होता’ इथून गप्पा सुरू होतात. खरी कमाई हीच.

गैरसमज: रेबीज होईल.
वस्तुस्थिती: दरवर्षी लस, वेळेवर जंताचं औषध, कापलेली नखं आणि भेटीआधी-नंतर धुतलेले हात एवढी शिस्त पाळली तर धोका अगदी कमी. धड कातडीवर कुत्र्याने चाटल्याने रेबीज होत नाही. पण म्हाताऱ्या माणसाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ असते. ओरखडा उठला किंवा जखमेला लाळ लागली, तर साबण-पाण्याने 15 मिनिटं धुवून लगेच डॉक्टर गाठायचा. दमा, अ‍ॅलर्जी, उघडी जखम असेल तर आधीच सल्ला घ्यायचा.

शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, मिरजेला 1894 पासूनची रुग्णसेवेची परंपरा आहे. जाणकार माणसं आपल्याच दोन जिल्ह्यांत आहेत. वृद्धाश्रम चालवणाऱ्यांनी त्यांना जरूर साद घालावी. त्याआधी आपल्या आजी-आजोबांना मात्र विचारावं, ‘तुम्हाला आवडेल का?’