खडकाळ उतारावरची सालई

यवतमाळ जिल्ह्यातल्या सागाच्या जंगलात माती संपून मुरूम आणि खडक उघडे पडतात, तिथे सालई तग धरते. राखाडी-हिरवट खोडावरून कागदासारखे पापुद्रे सुटत असतात. पानं झडल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाशी, उघड्या फांद्यांवर बारीक पांढरी फुलं येतात. खोडाला जखम झाली की सोनेरी डिंक पाझरतो. तो निखाऱ्यावर पडला की देवघरातल्या धुपाचा ओळखीचा वास दरवळतो.

वनस्पतिशास्त्रात सालई म्हणजे बॉसवेलिया सेराटा. ओमान-येमेनच्या कोरड्या डोंगरांत लोबान देणारी बॉसवेलिया सॅक्रा तिची सख्खी बहीण. तिकडच्या लोबानासाठी वाळवंटातून उंटांचे तांडे चालले, बाळ येशूला दिलेल्या भेटींतही तो होता. विदर्भातल्या बहिणीला तेवढा मान कधी मिळाला नाही. मध्य प्रदेशातल्या नेपानगरच्या कारखान्यात तर वर्तमानपत्राच्या कागदासाठी सालईचं लाकूड वापरलं गेलं. आयुर्वेदाने मात्र तिला शल्लकी म्हणून जपलं. तिच्या डिंकातल्या बॉसवेलिक आम्लांमुळे सांधेदुखीच्या औषधांत आज तिला मोठी मागणी आहे.

डिंक काढणं हे धीराचं काम. पावसाळा सरल्यावर खोडाची साल पातळ तासतात आणि ठरावीक दिवसांनी तोच घाव थोडा ताजा करतात. ओला डिंक महिनाभर बांबूच्या टोपलीत ठेवला की पातळ रस निथळून जातो. उरलेला भाग हळूहळू कडक होतो, मग तो फोडून निवडतात. पहिल्या पावसाआधी काम थांबवून झाडाला विसावा द्यावा लागतो.

हा विसावाच पुढे नाकारला जातो. घाव खोल गेला, वर्षामागून वर्ष एकाच झाडावर पडला, तर झाड खंगतं आणि खोडकिड्यांना वाट मिळते. आफ्रिकेतल्या बॉसवेलिया पॅपिरिफेराबद्दल २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी इशारा दिला: जुनी झाडं मरताहेत, नवी उगवत नाहीत, आणि वीस वर्षांत उत्पादन निम्म्यावर येईल. वणवा आणि चराई ही तिथली कारणं विदर्भातल्या जंगलांनाही अनोळखी नाहीत.

यवतमाळात कोलाम आणि गोंड वस्त्या या जंगलांना लागूनच आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचा त्यांचा हक्क मान्य केला. तेव्हा घाव किती घालायचा आणि कुठलं झाड सोडायचं, हे ठरवताना ग्रामसभेचा शब्द आधी ऐकला गेला पाहिजे. नवी झाडं वाढवणंही अवघड नाही, कारण सालई बियांखेरीज फांद्यांच्या कलमांपासूनही रुजते.