ब्राँकोस्कोपीला जाताना

वाई तालुक्यातल्या एका कातकरी मामांना घेऊन मी मिरजेला गेलो. दोन महिने खोकला, थुंकीत क्षयाचे जंतू नाहीत. म्हणून डॉक्टरांनी फुप्फुसात दुर्बीण घालून बघायचे ठरवले. पण मामा सकाळी चहा पिऊन आले होते! तपासणी पुढे गेली, मजुरी बुडाली. चूक माझी, उपाशीपोटी का यायचे, हे मी सांगितलेच नव्हते. घसा बधिर असताना पोटातले उलटून फुप्फुसात जाऊ शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर तेही आधी सांगावे.

“श्वास कोंडंल का?” मामांनी विचारले. नळी बारीक असते, बाजूने श्वास चालू राहतो. बोलता मात्र येत नाही. नंतर बधिरपणा जाईपर्यंत पाणीही नको. थुंकीत थोडे रक्त दिसते. जास्त पडले किंवा धाप लागली, तर लगेच दवाखाना गाठावा.

दुसऱ्या खेपेला मामा उपाशी आले, भाकरी फडक्यात बांधून.