२०२० साखिर फॉर्म्युला २ शर्यत

२०२० साखिर फॉर्म्युला २ शर्यत ही एफ.आय.ए. फॉर्म्युला २ अजिंक्यपद मालिकेच्या २०२० हंगामातील अखेरची शर्यत होती. ती ६ डिसेंबर २०२० रोजी बहरैनमधील साखिर येथे झाली. मुंबईचा जेहान दारूवाला या शर्यतीत विजयी झाला. फॉर्म्युला २ मालिकेत शर्यत जिंकणारा तो पहिला भारतीय चालक ठरला. याच शर्यतीअखेर जर्मनीच्या मिक शूमाकरचे अजिंक्यपद निश्चित झाले.

पार्श्वभूमी

फॉर्म्युला २ ही फॉर्म्युला वनच्या लगतची खालची पायरी मानली जाते. सर्व संघांना एकसारख्याच गाड्या मिळत असल्याने येथे चालकाचे कौशल्य अधिक स्पष्टपणे दिसते. २०२० मध्ये प्रत्येक फेरीत दोन शर्यती होत. मुख्य शर्यतीतील पहिले आठ चालक दुसऱ्या, लहान शर्यतीला उलट क्रमाने सुरुवात करत. म्हणजे आठवा सर्वांत पुढे आणि विजेता आठव्या स्थानी. लहान शर्यतीतील विजेत्याला १५ गुण मिळत आणि गुण फक्त पहिल्या आठांनाच असत.

या फेरीसाठी बहरैनच्या नेहमीच्या मार्गाऐवजी ३.५४३ कि.मी. लांबीचा बाहेरील आखूड मार्ग वापरला गेला. मुख्य शर्यत जपानच्या युकी त्सुनोदाने जिंकली. त्यानंतर शूमाकर आणि ब्रिटनचा कॅलम आयलॉट यांच्यात १४ गुणांचे अंतर होते. दोघेही फेरारीच्या चालक अकादमीचे शिष्य होते.

शर्यत

३४ फेऱ्यांच्या या शर्यतीत ब्रिटनचा डॅन टिकटम सर्वांत पुढे, तर दारूवाला त्याच्या शेजारी होता. सुरुवातीलाच दोघे एकमेकांशी झुंजत असताना शूमाकर बाहेरच्या बाजूने पुढे निघाला. दारूवालाने शूमाकरला मागे टाकले, परंतु या झटापटीचा लाभ टिकटमला झाला. पुढे दारूवालाने टिकटमलाही ओलांडून आघाडी घेतली आणि ती अखेरपर्यंत सोडली नाही.

शूमाकरची शर्यत मात्र बिघडली. ब्रेक लावताना चाके जखडल्याने त्याचे टायर खराब झाले. ते बदलण्यासाठी थांबावे लागल्याने तो १८ व्या स्थानी फेकला गेला. आयलॉटने ही शर्यत जिंकली असती, तर अजिंक्यपद २१६ विरुद्ध २१५ अशा एका गुणाने त्याच्याकडे गेले असते. परंतु तोही पहिल्या आठांत येऊ शकला नाही.

निकाल

दारूवाला पहिला, त्सुनोदा दुसरा आणि टिकटम तिसरा आला. पहिले दोघे कार्लिन संघाचे असल्याने संघालाही दुहेरी यश मिळाले. अजिंक्यपदाच्या क्रमवारीत शूमाकर २१५, आयलॉट २०१ आणि त्सुनोदा २०० गुणांवर राहिले. शूमाकर आणि त्सुनोदा हे दोघेही २०२१ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये दाखल झाले. आयलॉटला तेथे जागा मिळाली नाही.

महत्त्व

फॉर्म्युला २ चे पूर्वरूप असलेल्या जीपी२ मालिकेत चेन्नईच्या करुण चांढोकने २००७ आणि २००८ मध्ये शर्यती जिंकल्या होत्या. दारूवालाची निवड २०११ मध्ये फोर्स इंडिया संघाच्या देशव्यापी शोधमोहिमेतून झाली होती. त्याने पुढे २०२१ आणि २०२२ मध्ये इटलीतील मोंझा येथेही शर्यती जिंकल्या. फॉर्म्युला वनमध्ये त्याला शर्यत लढवण्याची संधी मिळाली नाही. २०२४ मध्ये तो विजेवर धावणाऱ्या गाड्यांच्या फॉर्म्युला ई मालिकेत मासेराती संघाकडून उतरला.