टाटीबंध : मोठ्या सडकेवरचा मुक्काम

रायपूर शहरात तात्यापारा चौक आणि शारदा चौक यांच्यामधला रस्त्याचा जो चिंचोळा तुकडा आहे, आणि ज्याच्या रुंदीकरणाची चर्चा इथल्या माणसांनी उमेदीपासून उतारवयापर्यंत ऐकली आहे, त्या तुकड्याच्या लगत माझे बालपण गेले. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात, आणि पुढे कचेऱ्यांतल्या नोकऱ्यांच्या निमित्ताने, या मुलखात आलेली मराठी कुटुंबे या वस्तीत पिढ्यान्‌पिढ्या राहिली; त्यांच्या चैत्रातल्या हळदीकुंकवाला आणि भाद्रपदातल्या गणपतीला ज्या सडकेची सोबत होती, ती सडक म्हणजे सुरतेकडून निघून धुळे, जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर अशी सारी मराठी मुलूखगिरी करीत आलेली आणि रायपुराच्या भरवस्तीतून पुढे संबळपूर व कलकत्ता गाठणारी. शहराला वळसा घालणारा रस्ता त्या काळी नव्हता. रात्री गावाची वर्दळ निमाली की मालमोटारींची रीघ लागे, फडताळातली पितळेची भांडी एकमेकांना लागून किणकिणत, आणि आजी अंथरुणातूनच सांगे की ही भरलेली गेली, ही रिकामी. भरलेली गाडी जमीन दाबीत, कण्हत जाई. रिकामी गाडी फाळक्याच्या साखळ्या वाजवीत जाई. एवढी एक विद्या आम्हां मुलांनाही घरबसल्या मिळाली होती.

त्या गाड्यांचे चालक कोण, ते कोठून येतात आणि कोठे जातात, याचा विचार मनात यायला मात्र पुष्कळ वर्षे जावी लागली. आणि तो आला तेव्हा त्याचे उत्तर शोधण्यासाठी मी ज्या ठिकाणी जाऊ लागलो ते ठिकाण म्हणजे टाटीबंध. तात्यापाऱ्याहून पश्चिमेस सहासात किलोमीटरांवर, भिलाई-दुर्गकडून येणारी मोठी सडक जेथे शहरात शिरते, जेथून एक वळणरस्ता पचपेडी नाक्याच्या बाजूने धमतरी आणि बस्तरकडे माणसाला नेऊन सोडतो आणि दुसरा भनपुरीवरून बिलासपूरकडे, असा हा नाका. येथे किल्ला नाही, शिलालेख नाही, प्राचीन मंदिराची ख्याती नाही. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे विस्तीर्ण रुग्णालय आहे आणि अलीकडे बांधलेला उड्डाणपूल आहे. प्रवासी एवढेच पाहून पुढे जातो. परंतु ज्या शहराची भरभराट तांदळाच्या गिरण्यांनी, पोलादाने आणि वनोपजाने केली, त्या शहराचा हा माल ज्या हातांनी वाहून नेला त्या हातांचा मुक्काम येथे होता, आणि म्हणून रायपूर पाहायला येणाऱ्याने दूधाधारी मठाच्या दर्शनानंतर येथेही अर्धा तास थांबावे असे मला मनापासून वाटते.

फाळणीनंतर पंजाबातून उखडून आलेल्या शीख कुटुंबांनी देशभर वाहतुकीच्या धंद्यात जे पाय रोवले त्याची एक शाखा रायपुरातही रुजली, आणि टाटीबंधच्या परिसरात त्यांची वस्ती झाली. त्यांच्या गाड्यांवर छत्तीसगढी, उडिया, तेलुगू आणि मराठी माणसे क्लीनर म्हणून चढली आणि दहा-बारा वर्षांनी उस्ताद होऊन उतरली. ज्यांच्याशी माझे सर्वांत अधिक बोलणे झाले ते वृद्ध गृहस्थ असेच साकोलीच्या बाजूचे, भंडारा जिल्ह्यातले. मी त्यांना काका म्हणतो. त्यांची मराठी पन्नास-साठ वर्षांच्या सडकेवर हिंदी, पंजाबी आणि छत्तीसगढी यांच्याशी इतकी एकजीव झाली आहे की एकाच वाक्यात ते झाडीपट्टीतून निघतात आणि लुधियान्याला पोचतात.

या सडकेचे इंग्रजी अमदानीतले नाव ग्रेट ईस्टर्न रोड. रायपूर, भिलाई आणि राजनांदगाव येथले लोक आजही तिला जी. ई. रोडच म्हणतात. स्वातंत्र्यानंतर ती राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ झाली आणि २०१० च्या फेरक्रमांकनात ५३. पण जुन्या चालकांच्या तोंडी अजून सहा नंबरच आहे. तिच्या इतिहासातली जी घटना मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती मात्र नावाची किंवा क्रमांकाची नव्हे, सरहद्दीची आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर आणि रायपूर ही एकाच प्रांतातली शहरे होती, नागपूर त्या प्रांताची राजधानी होती, आणि या दोन गावांमधले सुमारे ३०० किलोमीटर अंतर तोडणाऱ्या गाडीवानाला, संस्थाने विलीन झाल्यावर तरी, वाटेत एकही परका मुलूख लागत नव्हता. त्या दिवशी राज्यपुनर्रचना अमलात आली, विदर्भ मुंबई राज्यात गेला, रायपूर भोपाळच्या सत्तेखाली आले, आणि देवरीच्या पुढे बाघनदी नावाचा जो लहानसा प्रवाह तोवर केवळ पाणी पिण्याच्या आणि तोंड धुण्याच्या उपयोगाचा होता तो एका रात्रीत दोन राज्यांची सीमा झाला. परवाना दोन्हीकडचा, कर दोन्हीकडचा, तपासणी दोन्हीकडची. काका सांगतात की त्यांच्या उस्तादाला ही गोष्ट शेवटपर्यंत पटली नाही. ज्या झाडाखाली वर्षानुवर्षे गाडी उभी करून भाकर खाल्ली त्याच झाडाखाली आता कागदांची चवड घेऊन तासन्‌तास उभे राहावे लागते, यात त्यांना काहीतरी अपमानास्पद वाटे. १९७५ साली राष्ट्रीय परवान्याची योजना आली तेव्हा हा जाच बराच कमी झाला. पुढच्याच वर्षी मध्य प्रदेशाने जकात उठवून त्या जागी प्रवेशकर बसवला. आणि विक्रीकराचे नाके २०१७ च्या जुलैत वस्तू व सेवा करापाठोपाठ गेले. परंतु ज्याने आयुष्याची उमेदीची वर्षे नाक्यांच्या रांगांत घालवली त्याच्या आठवणींत नाका हा अद्याप उभाच आहे. कोणत्या नाक्यावर नाकेदार माणसासारखा बोलत असे आणि कोणत्या नाक्यावर बिल्टी पालथी करून पाहण्यात पहाट उजाडत असे, हे काका गावांच्या नावांसह सांगतात. ती नावे मी येथे देत नाही.

गाड्यांविषयी त्यांना बोलते करावे लागत नाही. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलच्या टंचाईमुळे कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या गाड्या त्यांनी पाहिल्या नाहीत, त्या त्यांच्या उस्तादाने पाहिल्या; मागे भट्टीचे पिंप बांधलेले, पहाटे उठून कोळसा फुलवायचा, आणि चढ आला की प्रवाशांनी उतरून ढकलायचे. युद्ध संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेल्या अमेरिकन गाड्या विकत घेऊन पुष्कळांनी धंदा आरंभला. मग १९५४ साली जमशेदपुरात टाटा आणि मर्सिडीज-बेंझ यांच्या सहकार्याने डिझेलची गाडी निघू लागली, आणि नाकावर तारा मिरवणाऱ्या त्या लांब तोंडाच्या गाडीने या सडकेचे रूपच पालटले. तो करार १९६९ मध्ये संपला, ताऱ्याच्या जागी टाटांचे स्वतःचे चिन्ह आले, परंतु काकांच्या हिशेबी गाडी तीच. तिचे चाक वळवायला खांद्यांचे बळ लागे, कारण सुकाणूला यंत्राची मदत नव्हती. गेअर बदलताना क्लच एकदा दाबून सोडायचा, इंजिनाचा आवाज कानाने तोलायचा आणि पुन्हा दाबायचा, तेव्हा दातात दात बसे. ज्याचा कान कच्चा त्याचा गेअर खरखरे, आणि तो खरखराट ऐकून ढाब्यावर बसलेली माणसे, गाडी दिसण्यापूर्वीच, चालवणारा नवशिका आहे असे ओळखत.

वास्तविक ही सगळी विद्या कानाची आणि हाताची होती. क्लीनर डाव्या बाजूला बसे, आणि अरुंद रस्त्यावर समोरून गाडी आली की पत्र्यावर थापा मारून उस्तादाला मागच्या-बाजूच्या जागेचा अंदाज देई: एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. डांबराची पट्टी एकाच गाडीपुरती. दोघांपैकी कोणी तरी चाके मुरुमाच्या कडेवर उतरवायची, आणि कोण उतरवील याचा एक अलिखित कायदा होता. भरलेल्या गाडीने डांबर सोडायचे नाही, रिकामीने सोडायचे; चढावर चढणाऱ्याचा मान पहिला. हा कायदा कोणत्याही अंमलदाराने लिहून दिलेला नव्हता आणि तो मोडणाऱ्याला पुढच्या ढाब्यावर कोणी बाजेवर जागा देत नसे.

माल पुष्कळ प्रकारचा. नागपूरची संत्री कलकत्त्याकडे, धमतरी आणि रायपूरचा तांदूळ सगळीकडे, तेंदूपाने गोंदियाच्या विडी-कारखान्यांकडे, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाल्यावर लोखंड. लोखंडाने चालकांना पैसा दिला आणि पाठीचे दुखणेही दिले. परंतु काकांच्या मनातला खरा रस्ता पूर्व-पश्चिमेचा नव्हे, तर दक्षिणेचा, बस्तरचा. रायपुराहून धमतरीपर्यंत १९०० सालापासून छोट्या रुळांची रेल्वे होती; ती तेथेच संपे, आणि पुढे कांकेर, केशकाल, कोंडागाव, जगदलपूर असा जो विस्तीर्ण मुलूख आहे त्याला धमतरीहून जोडणारे रूळ पुढे पडले नाहीत. त्या मुलखाने मीठ पाहिले ते लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून आणि नंतर मालमोटारीतून. जाताना मीठ, कापड, घासलेट. येताना चिंच, साल-बिया, तेंदूपाने, सागाचे ओंडके. १९५८ मध्ये दंडकारण्य प्रकल्पाची स्थापना झाली, १९६४ मध्ये पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांचे लोंढे रायपुरानजीकच्या माना छावणीत उतरले, आणि तेथून अरण्यातल्या नव्या वसाहतींकडे त्यांना नेण्याच्या कामी मालमोटारीही लागल्या. काका त्या वेळी क्लीनर होते. एरवी पोती मोजायची, त्या खेपेला माणसे मोजायची होती, एवढेच ते त्याविषयी बोलतात आणि गप्प होतात.

कांकेर सोडल्यावर केशकालचा घाट लागतो. बारा वळणांनी सडक बस्तरच्या पठारावर चढते, आणि घाटातच तेलीन सतीचे ठिकाण आहे, जेथे थांबून नारळ, अगरबत्ती किंवा निदान नमस्कार केल्यावाचून जुना चालक पुढे जात नसे, आणि नवाही सहसा जात नाही. चढताना गाडी पहिल्या गेअरमध्ये मुंगीच्या गतीने सरके, आणि क्लीनर खाली उतरून मागच्या चाकाच्या बरोबरीने पायी चाले, हातात लाकडाचा जड ठोकळा घेऊन. गाडी दम टाकून थांबली, की ती मागे सरकण्याच्या आत, चाक आणि रस्ता यांच्यामधल्या त्या क्षणभराच्या फटीत ठोकळा सारायचा. हात मागे घ्यायला उशीर झाला तर बोटे गेली, ठोकळा सारायला उशीर झाला तर गाडी गेली. काकांनी आपला उजवा हात माझ्यापुढे पालथा धरला. करंगळीचे टोक नाही. त्याची त्यांना खंत दिसली नाही. गाडी वाचली, उस्ताद वाचला आणि एकशे काही पोती तांदूळ कोंडागावला वेळेवर पोचला, हे ते आजही हिशेब रुजू केल्याच्या समाधानाने सांगतात. उतरताना रीत उलटी. ज्या गेअरमध्ये घाट चढला त्याच गेअरमध्ये उतरायचा, ब्रेकवर पाय ठेवून बसायचे नाही, कारण तापलेला ब्रेक ऐन वळणावर दगा देतो. तापू लागल्याची वर्दी नाक देते, जळक्या रबरासारखा वास येतो, आणि तो आला की बाजूला घेऊन गाडीला तासभर विसावा द्यायचा, मालक कितीही घाई करो.

घरची आठवण विचारली तर हे लोक अवघडतात. महिन्यातले वीस-पंचवीस दिवस सडकेवर. मुले आईच्या शिस्तीत वाढली, आणि बाप म्हणजे अवेळी येणारा, संत्र्यांची पिशवी किंवा जगदलपूरची चिंच टाकून दोन दिवस झोपणारा पाहुणा. काकांच्या थोरल्या मुलाने लहानपणी त्यांना न ओळखल्याची हकीकत त्यांनी मला एकदाच सांगितली. या श्रमांची नोंद आपल्या इतिहासांत नाही, ही गोष्ट मला लागते. भिलाईच्या भट्ट्यांवर ग्रंथ झाले, रेल्वेमार्गांच्या तारखा पाठ्यपुस्तकांत आहेत, आणि त्या भट्टीचे लोखंड व त्या गिरणीचा तांदूळ पोचवणाऱ्यांची माहिती मात्र त्यांच्याबरोबर एकेक करून स्मशानात जात आहे. आता उरळा आणि सिलतऱ्याच्या कारखान्यांमुळे गाड्यांची संख्या पूर्वीच्या कितीतरी पट झाली, रावाभाठ्याला स्वतंत्र ट्रान्सपोर्ट नगर झाले, आणि टाटीबंधचे जुने महत्त्व तेवढ्याने उणावले.

पण पुरते नाही. २०२० च्या मे महिन्यात, टाळेबंदीत, महाराष्ट्र, गुजरात आणि तेलंगणातून गावाकडे निघालेले मजूर ट्रकांच्या उघड्या हौद्यांत दाटीने उभे राहून या चौकात येऊन पोचत, आणि येथून कोणी झारखंडची, कोणी ओडिशाची, कोणी बंगालची वाट धरी. रायपूरच्या माणसांनी त्या उन्हात अन्न, पाणी आणि चपला घेऊन या चौकात दिवसरात्र उभे राहून त्यांची सोय केली. सरकारने बसगाड्या लावल्या. काका तेव्हा घराबाहेर पडू शकत नव्हते. खिडकीतून दिसणारे हौदे पाहून त्यांना माना छावणीची ती खेप आठवली, असे त्यांची सून मला म्हणाली.

परवा संध्याकाळी गेलो तेव्हा आम्ही उड्डाणपुलाखालच्या चहाच्या टपरीवर बसलो होतो. शेजारी आंध्राकडची एक गाडी उभी होती, बारा चाकांची, पोरसवदा चालक फोनवर बोलत होता. काका उठले, काठी टेकीत गाडीच्या मागच्या अंगाने चालू लागले, आणि जाता जाता प्रत्येक चाकावर काठीची एकेक टिचकी मारत गेले, जशी ते साठ वर्षांपूर्वी लोखंडी टामीने मारीत. तिसऱ्या जोडीपाशी थांबून त्यांनी पुन्हा एकदा मारली, मान तिरकी करून ऐकले, आणि त्या पोराला हाक मारून आतल्या टायरात हवा कमी असल्याचे सांगितले. पोराने फोन खिशात घातला आणि वाकून हात आत घातला.