जनुकांवर देखरेख ठेवणारें जनुक

यकृताची पेशी आणि मेंदूंतील मज्जापेशी यांच्या रूपांत व कार्यांत जमीनअस्मानाचें अंतर असतें. तथापि दोहोंच्या केंद्रकांत असलेला आनुवंशिक ग्रंथ एकच असतो. मग एक पेशी पित्त निर्माण करते आणि दुसरी संदेश वाहते, हें घडतें कसें? याचें उत्तर असें कीं, ग्रंथ एक असला तरी प्रत्येक प्रकारची पेशी त्यांतील निराळीं पानें उघडून वाचते. कोणतें पान उघडावयाचें आणि कोणतें मिटलेलें ठेवावयाचें, याची व्यवस्था पाहणारीं कांहीं जनुकें आहेत. त्यांपैकीं एकाचें नांव शास्त्रज्ञांनीं ‘मेक्-पी-टू’ असें ठेविलें आहे.

एका पेशींतील डीएनएचा सर्व धागा सरळ मांडला तर तो सुमारे २ मीटर भरेल. आणि ज्या केंद्रकांत तो मावतो त्याचा व्यास मिलिमीटरच्या अवघ्या कांहीं सहस्रांशांइतका. हा धागा हिस्टोन नांवाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो; एकेका रिळाभोंवतीं त्याच्या अक्षरांच्या सुमारे १४७ जोड्या बसतात. धागा व रिळें मिळून जें द्रव्य होतें त्यास क्रोमॅटिन म्हणतात. जुन्या घरांत पोथ्या बासनांत बांधून ठेवीत. बासन सोडल्याखेरीज पोथी वाचतां येत नसे. येथेंही तसेंच आहे. क्रोमॅटिन जेथें सैल असतें, तेथील जनुकाची नक्कल उतरली जाते व त्या नकलेवरून प्रथिन बनतें. जेथें तें घट्ट असतें, तेथील मजकूर असून नसल्यासारखा होतो.

डीएनएच्या कांहीं अक्षरांवर मेथिल नामक एक लहानशी रासायनिक खूण असते. मेक्-पी-टू या जनुकापासून होणारें प्रथिन नेमकें त्या खुणेवर जाऊन बसतें आणि दुसऱ्या कांहीं प्रथिनांस तेथें बोलावून आणतें. हीं प्रथिनें हिस्टोनांवरील बासन सैल राखणाऱ्या खुणा काढून टाकतात. मग तें आवळलें जातें व तेथील वाचन मंदावतें. १९९२ सालीं ॲड्रियन बर्ड यांच्या प्रयोगशाळेंत या प्रथिनाचा शोध लागला. पूर्ण वाढ झालेल्या मज्जापेशींत तें विशेष मुबलक असतें. हा रखवालदार नसल्यास काय होतें, हें मात्र एका निराळ्याच वाटेनें कळून आलें.

१९५४ सालीं व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ आंद्रेआस रेट यांना आपल्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलींत आयांजवळ बसलेल्या दोन मुली दिसल्या. दोघीही हात धुतल्याप्रमाणें एकसारखे चोळीत होत्या. रेट यांनीं शोध करतां तशाच आणखी मुली आढळल्या. १९६६ सालीं त्यांनीं जर्मन भाषेंत निबंध लिहिला. परंतु त्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. पुढें १९८३ सालीं स्वीडनमधील बेंग्ट हागबर्ग व त्यांचे सहकारी यांनीं अशा ३५ मुलींचा वृत्तांत इंग्रजींत प्रसिद्ध केला, तेव्हां कोठें हा विकार रेट यांच्या नांवानें जगास परिचित झाला. मुलगी जन्मतः निरोगी दिसते. सहा ते अठरा महिन्यांची होईपर्यंत तिची वाढ बहुधा नेहमींसारखीच होते. मग शिकलेले चार शब्द हरपतात, हातांतील खेळणें धरतां येईनासें होतें, आणि हात चोळण्याची क्रिया अखंड सुरू होते. सुमारे १०,००० मुलींमागें एकीस हा विकार होतो. त्याचें मूळ मेक्-पी-टूच्या बिघाडांत आहे, हें १९९९ सालीं अमेरिकेंतील हूस्टन येथें हुदा झोग्बी यांच्या प्रयोगशाळेनें दाखविलें.

हें जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. मुलीस एक्स गुणसूत्रें दोन असतात. परंतु प्रत्येक पेशींत त्यांपैकीं एकच जागें राहतें, हा सिद्धांत मेरी लायन या ब्रिटिश विदुषींनीं १९६१ सालीं मांडला. त्यामुळें अशा मुलीच्या मेंदूंत निर्दोष व सदोष पेशी शेजारीं शेजारीं नांदतात. मुलग्यास एक्स एकच असल्यानें त्याच्यावरील आघात बहुधा फार तीव्र होतो.

घरांत असें मूल असलें म्हणजे दोष कोणाचा, हा प्रश्न निघतो; आणि गरोदरपणांतील खाण्यापिण्याचा विषय काढून पुष्कळदां आईकडे बोट दाखविलें जातें. शास्त्राचें उत्तर निःसंदिग्ध आहे. बहुतेक सर्व वेळां हा बिघाड आईबापांच्या ठायीं नसतोच. तो नव्यानें घडतो, आणि तोही बहुधा पित्याच्या बीजपेशींत. अक्षरें उतरून घेतांना झालेली ती चूक असते. ती कोणाच्या हातची नव्हे. तेव्हां आईला नाहीं व बापालाही नाहीं, कोणालाच बोल लावण्याचें कारण उरत नाहीं.

२००७ सालीं बर्ड यांच्या एडिंबरा येथील प्रयोगशाळेनें एक महत्त्वाचा प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांमध्यें हें जनुक बंद ठेवून, विकाराचीं लक्षणें स्पष्ट दिसूं लागल्यावर तें पुन्हां चालू केलें, तेव्हां मरणोन्मुख उंदीरही पुष्कळ अंशीं सुधारले. या विकारांत मज्जापेशी मरत नाहींत. त्या लहान व तोकड्या शाखांच्या राहतात एवढेंच. म्हणजे हानि भरून येण्याजोगी आहे.

तथापि येथें प्रमाण फार जपावें लागतें. ज्या मुलग्यांत हें जनुक दुप्पट असतें, त्यांचीही बौद्धिक वाढ खुंटते व त्यांना फेफऱ्याचे झटके येतात, असें २००५ सालीं आढळून आलें. रखवालदार नसणें जसें वाईट, तसे एकास दोन असणेंही वाईट. म्हणूनच निर्दोष जनुक मेंदूंत पोंचविण्याचा उपचार नाजूक आहे; त्याच्या मनुष्यांवरील चाचण्या २०२३ सालीं सुरू झाल्या. त्याच वर्षीं मार्चमध्यें अमेरिकेंत ट्रोफिनेटाइड या औषधास मान्यता मिळाली. तें लक्षणें कांहींशीं सौम्य करतें. जनुक दुरुस्त करीत नाहीं.

मूळ दोषावरील उपाय हातीं येईपर्यंत अंगास व्यायाम, पोटास नीट आहार आणि झटक्यांवर औषध हें चालू ठेवणें अवश्य आहे. या मुलींना बोलतां येत नसलें तरी पुष्कळ जणी नजरेनें उत्तर देतात. समोर दोन चित्रें धरलीं असतां हवें असलेल्या चित्राकडे रोखून पाहतात. तिला कांहीं समजत नाहीं असें धरून घरच्यांनीं तिच्याशीं बोलणें सोडूं नये.