साहेब, कारकून, शिपाई आणि हृदयविकार

हार्ट अटॅक हा साहेब लोकांचा आजार, असा समज पूर्वी पक्का होता. मोठी खुर्ची म्हणजे मोठं टेन्शन, असं त्यामागचं गणित. १९६७ साली लंडनमध्ये सरकारी नोकरांची तपासणी सुरू झाली आणि हे गणित उलटं ठरलं. व्हाइटहॉल हा तिथल्या सरकारी खात्यांचा रस्ता, त्यावरून अभ्यासालाही तेच नाव पडलं. चाळिशीपुढच्या सुमारे १८,००० पुरुषांचा रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सिगारेटी सगळं टिपून घेतलं आणि पुढे कोण कशाने दगावतं याची नोंद ठेवली. शिपाई, दारवान अशा सर्वांत खालच्या श्रेणीत हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वांत वरच्या श्रेणीच्या तिपटीहून जास्त निघाले.

यातलं कुणी उपाशी नव्हतं. नोकरी सरकारी, आणि १९४८ पासून उपचार सगळ्यांना मोफत. तरीही पगाराच्या प्रत्येक पायरीला फरक दिसत होता: शिपायापेक्षा कारकून बरा, कारकुनापेक्षा अधिकारी बरा, आणि सर्वांत वरच्यांपेक्षा त्यांच्या लगेच खालचेही मागे. गरिबी हटवली की प्रश्न मिटला, असं म्हणणाऱ्यांची इथे पंचाईत होते.

आता साहजिक शंका अशी, की खालचे लोक सिगारेट जास्त ओढत असतील. ओढत होतेच. पण त्याने फरकाचा किती भाग भरून निघतो, हे कसं काढायचं? आधी वरच्या आणि खालच्या श्रेणीतला सरसकट फरक मोजायचा. मग सिगारेट ओढणाऱ्या साहेबाची तुलना ओढणाऱ्याच शिपायाशी करायची, न ओढणाऱ्याची न ओढणाऱ्याशी. फरक जितका आकसेल, तितका वाटा सिगारेटचा. या अभ्यासात न ओढणाऱ्यांतही उतरंड कायम राहिली. रक्तदाब, कोलेस्टेरॉल वगैरे धरूनही निम्म्याहून बराच जास्त फरक उरलाच.

मग सवयींवर उगाचच खापर फोडलं जात होतं का? तसंही नाही. १९८५ साली सुरू झालेल्या दुसऱ्या व्हाइटहॉल अभ्यासात बायकाही होत्या. त्यातली माणसं पुन्हा पुन्हा तपासली गेली, आणि सगळी गंमत या ‘पुन्हा पुन्हा’त आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात सर्वांत खालच्यांना मृत्यूचा धोका वरच्यांच्या १.६ पट होता. धूम्रपान, दारू, आहार आणि व्यायाम सुरुवातीला एकदाच विचारून हिशेब केला, तेव्हा या जादा धोक्यातला ४२ टक्के भाग उलगडला. पुढच्या फेऱ्यांतली उत्तरं धरली, तेव्हा ७२ टक्के. एकदाच काढलेल्या नोंदीत चाळिशीत सिगारेट सोडणारा आणि साठीपर्यंत ओढणारा सारखेच दिसतात. मधल्या वर्षांत सवय कुणाची सुटली आणि कुणाची टिकली, ते तिथे कळत नाही.

राहिलेल्या भागासाठी संशोधकांनी कामाकडे पाहिलं. काय करायचं, कधी करायचं, किती वेगाने करायचं, यातलं तुमच्या हातात किती, असे प्रश्न विचारले. ज्यांच्या हातात कमी, त्यांना हृदयविकार जास्त; आणि हातात कमी असणारे अर्थातच बहुतेक खालचे. ताण साहेबालाही असतोच, पण मीटिंग उद्यावर ढकलायची सोय त्याच्याकडे असते. सतत ताणात राहिलेल्या शरीरात ॲड्रिनॅलिन, कॉर्टिसॉल चढे राहतात. त्यातून रक्तदाब वाढतो, साखरेवरचा ताबा सैल होतो, पोटावर चरबी साठते. शिवाय सिगारेटची तलफ अशाच वेळी येते, म्हणजे ताण आणि सवय यांचे हिशेब पूर्ण वेगळे काढताच येत नाहीत.

सवयींचा तोच हिशेब फ्रान्समध्ये सरकारी वीज आणि गॅस कंपनीच्या नोकरांवर करून पाहिला. खालच्यांचा धोका तिथेही जास्तच होता, पण सवयींनी त्यातला फक्त १९ टक्के भाग उलगडला. कारण सिगारेट आणि आहार तिथे हुद्द्याला इतके घट्ट बांधलेले नव्हते.